जागल्या, रामोशी आणि आमचा वॉचमन

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट फुटले. भरदिवसा. दोन्ही घरांतली माणसं नोकरीवर, मुलं शाळेत आणि खाली गेटवर वॉचमन बसलेला. पेपरात 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द आयुष्यभर इतक्या वेळा वाचलेत, की प्रत्यक्ष उचकटलेला कोयंडा बघताना कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं. मग रीतीप्रमाणे मीटिंग झाली, कॅमेरे वाढवायचं ठरलं आणि कोणीतरी सिक्युरिटी एजन्सीचं ॲग्रीमेंट शोधून मोठ्याने वाचलं. त्यात एक कलम होतं. आवारात चोरी झाल्यास एजन्सी नुकसानीला जबाबदार राहणार नाही. यावर बरीच आरडाओरड झाली. खाली सही आपल्याच सेक्रेटरीची आहे हे लक्षात आल्यावर ती थांबली.

मला त्या कलमावरून आजोळ आठवलं. माझं आजोळ आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या पुढचं. आजोबा म्हणायचे, "पूर्वी चोरी झाली तर राखणाऱ्यानं भरून द्यायची." लहानपणी मला ही थाप वाटायची. इंजिनिअरिंगला असताना आणि नंतर नोकरी लागल्यावर सह्याद्रीत भटकायला लागलो, त्या नादाने गॅझेटियर आणि जुने रिपोर्ट वाचायचं व्यसन लागलं, तेव्हा कळलं की आजोबा थापा मारत नव्हते. ही गोष्ट सरळसरळ लिहून ठेवलेली आहे. जुन्नर-आंबेगावच्या निमित्ताने ती पुढे कुठे कुठे जाते ते या वीकेंडला लिहितोय. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी 'घरफोडी' या शब्दाकडे बघा. यात 'फोडणं' आहे, 'उघडणं' नाही. कारण जुनी घरं खरंच फोडली जात. आमच्या आजोळच्या घराची भिंत हात-दीड हात जाड, पण मातीची. दाराला आतून अडसर. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, अडसर म्हणजे दारामागे आडवं सरकवायचं जाड लाकूड. दिवसा ते भिंतीतल्या भोकात ढकलून ठेवायचं, रात्री ओढून पलीकडच्या खाचेत अडकवायचं. त्याला किल्ली नाही, त्यामुळे डुप्लिकेट किल्लीची भानगड नाही. असलं दार फोडत बसण्यापेक्षा मागची मातीची भिंत पोखरणं चोराला सोपं. मृच्छकटिकातला शर्विलक आठवा. भिंतीला भोक कुठल्या आकाराचं पाडावं याचा तो एखाद्या आर्किटेक्टसारखा विचार करतो आणि मापाची दोरी विसरला म्हणून जानव्याने मोजतो! इतक्या शतकांनंतर, १८६० साली इंग्रजांनी भारतीय दंडसंहिता केली, तेव्हा घरफोडीच्या कलमाखाली (४४५) पहिलंच उदाहरण दिलं ते भिंतीला भोक पाडून आत हात घालणाऱ्या माणसाचं. पुढच्याच कलमात 'रात्रीची घरफोडी' वेगळी काढली, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी झालेली, आणि तिला शिक्षा जास्त ठेवली. २०२४ च्या १ जुलैपासून ती दंडसंहिता गेली आणि न्याय संहिता आली, पण घरफोडी काही गेलेली नाही.

अडसराची गंमत अशी की तो आतूनच लागतो. म्हणजे घरात कोणीतरी असावं लागतं. आणि ते असायचंच. आजी कधी घराबाहेर रात्र काढत नसे, आजोबा ओसरीवर झोपत. दागिना-पैसा असलाच तर तो बळदात, म्हणजे भिंतीच्या पोटातल्या किंवा जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, ज्वारीच्या तळाशी. घर रिकामं ठेवून सगळ्यांनी सकाळी नऊला निघायचं आणि संध्याकाळी सातला यायचं, ही पद्धतच नवी. तेव्हा चोराला रात्रीची वाट पाहावी लागायची. आता तो ऑफिस टाइम पाळतो.

पण भिंत आणि अडसर हा भाग दुय्यम होता. खरी सुरक्षा माणसांवर होती.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखावर १८१९ साली एक रिपोर्ट लिहिला. (मराठी माणसाने इंग्रजांना शिव्या जरूर घालाव्यात, पण त्यांचे रिपोर्ट वाचून मग घालाव्यात.) त्यात गावच्या राखणदाराचं वर्णन आहे. हा राखणदार गावोगावी वेगळा. कुठे महार, कुठे रामोशी, कुठे भिल्ल, आणि आपल्या या डोंगरी पट्ट्यात अनेक ठिकाणी कोळी. कुठे त्याला जागल्या म्हणत, वेशीवर बसणारा तो वेसकर. त्याचं काम नुसतं रात्री 'जागते रहो' ओरडण्याचं नव्हतं. गावातला प्रत्येक माणूस कसा आहे हे त्याला माहीत असायला हवं. कोण रात्री उशिरा येतं, कोणाकडे अनोळखी पाहुणा उतरलाय, कोणाच्या हातात अचानक पैसा खेळायला लागलाय. आणि चोरी झालीच तर त्याने माग काढायचा.

या माग काढण्यात एक अख्खी यंत्रणा होती. चोराच्या पावलाचा ठसा सापडला की त्याचं माप घ्यायचं आणि तो जिथे जाईल तिथे जायचं. शिवेपर्यंत माग पोचला की पुढच्या गावच्या राखणदाराला बोलावून, ठसा दाखवून, माप देऊन जबाबदारी त्याच्या हवाली करायची. आता त्याने तो माग आपल्या हद्दीतून पुढे काढून द्यायचा. काढता आला नाही तर चोरी त्याच्या गावच्या गळ्यात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तिकीट दुसऱ्या टीमकडे ट्रान्सफर करणं. फरक इतकाच की तिथे ट्रान्सफर करताना पुरावा द्यावा लागे आणि घेणाऱ्याला 'आमच्याकडे इश्यू दिसत नाही' म्हणून तिकीट बंद करता येत नसे.

माग जिथे थांबेल तिथल्या राखणदाराने चोरीची भरपाई करायची, आपल्या ऐपतीप्रमाणे. उरलेली गावाने. एल्फिन्स्टन प्रामाणिकपणे सांगतो की पूर्ण रक्कम वसूल व्हायची ती काही थोड्या प्रकरणांतच, आणि हा नियम तसा अन्यायाचाच होता, कारण गावाला प्रत्येक चोरी रोखता येईलच असं नाही. पण काहीतरी दंड बहुतेक वेळा बसायचा. आणि हयगय किंवा संगनमत दिसलं तर पाटलाचं किंवा राखणदाराचं इनाम काढून त्याच्या जवळच्या नातेवाइकाला दिलं जाई. हे शेवटचं मला फार हुशारीचं वाटतं. बाहेरचा माणूस आणला तर त्याला गावाची माहिती नाही. म्हणून घर तेच ठेवायचं, माणूस बदलायचा. घरातल्या दुसऱ्या माणसांचा डोळा सतत याच्या कामावर!

आता याची दुसरी बाजू. ती न सांगता 'जुनं ते सोनं' म्हणत सुटलो तर ते खोटं होईल.

पहिली गोष्ट, गावकूस राखणारे लोक राहायचे गावकुसाबाहेर. महारवाडा बाहेर, रामोशीवाडा बाहेर. रात्री वेस बंद झाली की राखणदार ज्या भिंतीची राखण करतोय त्या भिंतीच्या आत त्याचं घर नाही. ज्याच्यावर गावाचा सगळ्यात जास्त भरवसा, त्याच्या हातचं पाणी चालत नाही. दुसरी गोष्ट, राखणदारी जन्माने चिकटलेली. नको म्हणायची सोय नव्हती. आणि तिसरी, चोर कोण आणि राखणदार कोण यातली रेघ फार बारीक होती. रामोशाला राखणीवर ठेवलं तर चोरी होत नाही, नाही ठेवलं तर होते, असा लौकिकच होता. पुण्याच्या कॅम्पात इंग्रज साहेब राहायला आले तेव्हा तेही हे पटकन शिकले आणि बंगल्यावर चौकीदार म्हणून रामोशी ठेवायला लागले. 'रामूसी' हा शब्द तेव्हाच्या अँग्लो-इंडियन इंग्रजीत चौकीदाराच्या अर्थाने जाऊन बसला. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या गेटवर जी प्लास्टिकची खुर्ची असते ना, तिचा हा पणजोबा.

आता याला खंडणी म्हणायचं की विम्याचा हप्ता, हे तुम्ही ठरवा. मला दोन्हीत फारसा फरक दिसत नाही. जे चोरी करू शकतात त्यांनाच नीट मोबदला देऊन राखायला बसवायचं, यात मराठी राज्यकर्त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. उलट तेच धोरण होतं. इथून डोंगरात शिरू.

जुन्नर-आंबेगावचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे सगळा घाटमाथा. नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, निमगिरी आणि दक्षिणेला भीमाशंकरची राई. कोकणातून घाट चढून येणारा माल सातवाहनांपासून याच वाटांनी यायचा. नाणेघाटातला तो दगडी रांजण सगळ्यांनीच पाहिला असेल, जकात त्यात टाकत असं सांगतात. या वाटा आणि किल्ले राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या महादेव कोळ्यांकडे. वाट त्यांनाच माहीत, त्यामुळे लुटायचं ठरवलं तर लुटणारेही तेच.

नुसत्या भिंतींवर भरवसा ठेवला की काय होतं हे जुन्नरने १६५७ मध्ये पाहिलं होतं. शहराला तट, वर शिवनेरीसारखा सात दरवाजांचा किल्ला, मोगलांचं ठाणं. ३० एप्रिलच्या रात्री शिवाजी महाराजांची माणसं दोराच्या शिड्या लावून गुपचूप तटावर चढली, पहारेकरी कापले आणि तीन लाख होन, दोनशे घोडे आणि कापड-जडजवाहीर घेऊन गेली. (ही राजकीय मोहीम होती, हिला घरफोडीच्या पंक्तीत बसवायचा माझा इरादा नाही. कृपया मेल पाठवू नयेत. :) ) पण पहारा कसा फसतो याचा धडा म्हणून ती बघण्यासारखी आहे. दरवाजे सात असोत की सत्तर, येणारा दरवाजाने येतच नाही. शिवनेरीवर मात्र तेव्हा हात पडला नाही आणि महाराजांच्या हयातीत तो किल्ला स्वराज्यात आला नाही, ही आम्हा इकडच्या लोकांची कायमची हळहळ.

पेशवाईच्या काळातलं जावजी बांबळे यांचं उदाहरण तर सगळं धोरण एका माणसात दाखवतं. हे शेजारच्या अकोले भागातले, राजूरकडचे कोळी नाईक. सरकारवर रुसून बंडात निघाले, डोंगरी किल्ले घेतले, वर्षानुवर्षं हाती लागेनात. शेवटी तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने माफी झाली आणि त्यांना काय दिलं? राजूरच्या साठ गावांचा बंदोबस्त! तोही कोळी बंडखोरांना आणि लुटारूंना देहदंड देण्याच्या अधिकारासकट. १७८९ मध्ये ते वारले तोवर हा बंदोबस्त चालला. आजच्या भाषेत म्हणजे ज्याने सिस्टिम हॅक केली त्यालाच सिक्युरिटी हेड नेमणं. कंपन्या हल्ली हे करतात आणि त्यावर कॉन्फरन्सात भाषणं देतात.

१८१८ मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी हे किल्ले घेतले. पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये म्हणून चावंड आणि जीवधनच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. चावंडला त्या तुटक्या टप्प्यावर रेलिंग धरून चढताना हे आठवून बघा. मला तिथे नेहमी वाटतं की पायऱ्या उडवणं हा त्यातला छोटा भाग होता. मोठा भाग कागदावर झाला. किल्लाच नको म्हटल्यावर किल्ला राखणारे नकोत. गडकऱ्यांना घरी पाठवलं. डोंगरातल्या नाइकांचे राखणीचे जुने हक्क, ठरलेल्या रकमा, काही कमी केल्या, काही बंद केल्या. हिशोबाच्या वहीत ती बचत दिसली असणार.

त्या बचतीची किंमत पुढची साठ वर्षं दिसते. पुरंदरकडे किल्ल्याची राखण करणाऱ्या रामोशांमधून उमाजी नाईक उभे राहिले. त्यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी झाली. मधल्या काळात इंग्रजांनीही एकदा मराठी युक्ती करून पाहिली होती, उमाजींनाच माफी देऊन बंदोबस्ताला लावलं होतं. ते टिकलं नाही. इकडे कोळ्यांचं रामजी भांगरे यांचं बंड १८२८ ते १८३० मध्ये, मग राघोजी भांगरे यांचं. राघोजी १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे रोजी ठाण्यात फासावर गेले. या दोन्ही जमातींबद्दल आपल्याला आज जे तपशीलवार माहीत आहे ते बरंचसं कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने लिहिलंय. रामोशांवर त्याचं पुस्तक १८३३ मध्ये आलं आणि नंतर त्याने महादेव कोळ्यांवरही लिहिलं. म्हणजे ज्यांना पकडायला पाठवलं त्यांचाच अभ्यास करत बसला. रामोशांच्या सांकेतिक भाषेतले शब्दसुद्धा त्याने गोळा केलेत.

१८५७ च्या धामधुमीत इंग्रजांना पुन्हा राखणदार आठवले. वर्षाच्या शेवटी कॅप्टन नटॉलने याच डोंगरांतून एक कोळी पलटण उभी केली, सुमारे सहाशे माणसांची. डोंगरात चालण्यात आणि माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काम झालं, शांतता झाली आणि १८६१ मध्ये थोडे अपवाद सोडून पलटण मोडली. सहाशे शिकवून तयार केलेली माणसं परत आपापल्या खाचरात. आमच्याकडे प्रोजेक्ट संपला की 'बेंच'वर बसवतात, निदान पगार तरी चालू असतो.

आणि खाचरात काय होतं? सावकार.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या भागातल्या सगळ्यात गाजलेल्या घरफोड्यांचं मूळ इथे आहे. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जाचं खत तीन वर्षंच चालणार, त्यानंतर कोर्ट ते मानणार नाही. उद्देश चांगला होता, जुन्या कर्जावर सावकाराने व्याज साचवत बसू नये. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक थकलेलं व्याज असं नवीन मुद्दल लिहून नवं खत करून घ्यायला लागला. कुळाला वाचता येत नाही, अंगठा किंवा निशाणी केली की झालं. वसुलीला आता कोर्ट आणि बेलिफ सावकाराच्या बाजूला. जुन्या काळी सावकार गावाच्या आणि पाटलाच्या धाकात असायचा, कारण त्याच्या घराची राखणही शेवटी गावच करत होतं. ते बंधन सुटलं. घर राखायला सरकारी पोलीस आणि पैसा राखायला सरकारी कोर्ट.

आंबेगाव तालुक्यातलं जांभोरी हे गाव आज डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहे. तिथले होन्या भागोजी केंगले १८७३ मध्ये उठले. सोबत चांगली तयार केलेली टोळी. लक्ष्य फक्त सावकार. रात्री सावकाराच्या घरावर यायचं, लुटायचं आणि अनेकांच्या बाबतीत नाक कापून सोडून द्यायचं. मराठीत नाक कापणं म्हणजे काय हे मी सांगायला नको, इथे ते शब्दशः झालं. पैसा गेला तर पुन्हा कमावता येतो, नाक नसलेला सावकार मात्र गल्ल्यावर बसून काय रुबाब दाखवणार? हे क्रूर होतं, त्याला मी रंगवून सांगणार नाही. ज्यांची नाकं गेली त्यांतला प्रत्येक जण राक्षस असेल असंही नाही. पण सरकारी गॅझेटियरनेच लिहून ठेवलंय की सावकार डोंगरी लोकांना सतत फसवत आणि त्यामुळे हे लोक अधूनमधून गुन्ह्यांकडे ढकलले जात. इतकी कबुली सरकारी छापखान्यातून सहसा बाहेर पडत नाही.

१८७४ मध्ये होन्यांना फरारी जाहीर करून हजार रुपयांचं इनाम लावलं. पुणे, नगर, नाशिक आणि ठाणे या चार जिल्ह्यांत शोध घ्यायला १७५ हत्यारी पोलिसांचं खास पथक नेमलं. तरी ते १८७६ च्या जुलैपर्यंत सापडले नाहीत. शेवटी पोलीस सुपरिंटेंडेंट मेजर डॅनियलने त्यांना पकडलं. दोन वर्षं चार जिल्ह्यांचे पोलीस एका माणसाच्या मागावर आणि माग काही लागत नाही, याचं कारण मला तरी उघड दिसतं. या डोंगरात माग काढणारे जे होते ते होन्यांच्याच घरचे होते. वाटेवरच्या गावांना 'माग पुढे काढून दे, नाहीतर भरपाई तुझ्यावर' असं सांगणारी व्यवस्था सरकारनेच खिळखिळी केली होती.

त्याच दरम्यान, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि पुणे-नगरच्या गावांत पसरला. 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण शाळेत दोन ओळींत वाचतो ते हे. तिथे जमावाला सोनं-नाणं फारसं नको होतं. त्यांना खतं हवी होती. कागद दिले तर सावकाराला बहुतेक ठिकाणी हात लावला नाही, कागदांची होळी केली. चोरी कशाची होते यावरून त्या काळी काय मौल्यवान होतं ते कळतं. बळदात लपवलेल्या दागिन्यापेक्षा फडताळातली खतं महाग होती. सरकारने कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. खतं गावच्या रजिस्ट्रारपुढे करायची, पावती द्यायची, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही. होन्यांच्या टोळीने आणि सुप्याच्या जमावाने जे फोडलं त्यातून निदान एवढं तरी बाहेर पडलं.

राखणदारांचं मात्र वेगळंच झालं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावं राखली त्यांच्यातल्या कित्येकांना जन्मतःच चोर ठरवून हजेरी लावायला लावली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही रामोशी आहेत. 'विमुक्त' म्हणजे कशातून मुक्त, हा प्रश्न माझ्या बरोबरच्या कित्येक शहरी मित्रांना कधी पडलेलाच नसतो. त्यांना तो आरक्षणाच्या फॉर्मवरचा एक रकाना वाटतो. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं बंद झाली. ते व्हायलाच हवं होतं, बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२० च्या दशकापासून लढा दिला होता तो उगीच नाही. जन्माने चिकटलेली राखणदारी गेली. पण तिच्यासोबत भरपाईची गोष्टही गेली, आणि तिच्या जागी काही आलं नाही.

म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. २००५ साली खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राचा कायदा आला. एजन्सीला लायसन्स लागतं, गार्डला शंभर तासांचं वर्गातलं आणि साठ तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावं असं नियमांत आहे. आमच्या गेटवरच्या काकांना मी विचारलं. ते म्हणाले, "युनिफॉर्म दिला, शिट्टी दिली." काका मराठवाड्यातले. शेती कोरडवाहू, मुलगी नर्सिंगला. बारा तासांची ड्यूटी, महिन्याला दोन सुट्ट्या. त्यांना इथे येऊन चार महिने झालेत आणि आमच्या चौऱ्याऐंशी फ्लॅटमधल्या बहुतेकांची नावं त्यांना माहीत नाहीत. आम्हाला त्यांचं नाव माहीत आहे का, हे विचारू नका. ज्या लिफ्टवर त्यांनी लक्ष ठेवायचं त्या लिफ्टमध्ये 'सर्व्हिस स्टाफने दुसरी लिफ्ट वापरावी' अशी पाटी आहे. गावकूस आणि गावकुसाबाहेर, फक्त आता ग्रॅनाइटचं. आणि त्यांच्या पगारातून चोरीची भरपाई कापा असं कोणी म्हटलं (मीटिंगमध्ये एकाने म्हटलंच), तर तो जुन्या व्यवस्थेतला फक्त वाईट भाग उचलणं झालं. रामोशाला राखणीबद्दल जमीन होती, गावाकडून धान्य होतं, आणि त्याची ऐपत संपली की उरलेली रक्कम गाव भरायचं. आम्ही मेंटेनन्स वेळेवर भरत नाही.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर कॅमेरा हा ठसा जपून ठेवतो, माग काढत नाही. आमच्या दोन घरफोड्यांचं फुटेज आहे. टोपी घातलेला माणूस आत येताना दिसतो, बाहेर जाताना दिसतो, गेटबाहेर डावीकडे वळतो. तिथे आमची शीव संपते. पलीकडच्या सोसायटीचा कॅमेरा त्याला पुढे बघत असेलही, पण त्यांच्या सेक्रेटरीकडे फुटेज मागितलं तर ते म्हणाले पोलिसांचं पत्र आणा.

आजोळी परवा गेलो होतो, तिथे मामाच्या फोनवर एक वेगळाच प्रकार पाहिला. ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणतात. गावात चोर आले, आग लागली, काहीही झालं की एका टोल फ्री नंबरवर फोन करून निरोप बोलायचा. तोच आवाज त्याच मिनिटाला गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर वाजतो. कोण बोलतंय तेही कळतं, त्यामुळे खोटा निरोप द्यायची सोय नाही. आजूबाजूच्या गावांनाही जोडता येतं. मामा मला हे कौतुकाने दाखवत होता आणि मी मनात शिवेवर उभा राहून पावलाचं माप देणारा जागल्या बघत होतो. शेवटचा निरोप कशाचा होता, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "बिबट्याचा. उसातून थेट अंगणात."

पुढच्या शनिवारी नाणेघाटाबद्दल लिहीन.